शत्रूच्या गालाची कांती

१२ जानेवारी

नणंदबाई,

फोनवर आपण दोघी एकाच वेळी बोलतो आणि शेवटी दोघींनाही काही ऐकू आलेलं नसतं, म्हणून लिहितेय. कागदावर निदान तुला मधे तोंड घालता येणार नाही.

काम आहे. आधी हसून घे, मग पुढे वाच. मला गेम खेळायला कॉम्प्युटर हवाय.

संध्याकाळी क्लिनिकमधून आले की मी तो गोळीबाराचा गेम खेळते, हे तुला माहीत आहे. दिवसभर लोकांचे आखडलेले गुडघे वाकवल्यावर कोणाला तरी गोळी घालावीशी वाटते, त्यात गैर काही नाही. आमची चौघांची टीम आहे: मी, एक नर्स, एक बसड्रायव्हर आणि एक प्राध्यापक. प्रत्यक्षात आम्ही एकमेकांना पाहिलेलं नाही, आणि प्राध्यापकाचा आवाज ऐकल्यापासून मला पाहायचंही नाही. गेममध्ये माझं नाव 'कंबरपट्टा'. क्लिनिकमध्ये निम्म्या लोकांना तोच बांधते, दुसरं काही सुचलं नाही.

तर आम्ही शेकडो टीममधून चाळून शेवटच्या सोळांत आलोय. मार्चअखेर स्पर्धा आहे. आणि माझा लॅपटॉप म्हणजे जिना चढणारा पेशंट. दोन पायऱ्या, एक दम. मी वळते, चित्र मागाहून वळतं, तोवर मी मेलेली असते. प्राध्यापकाने सुचवलंय की मॅडमना झेपत नसेल तर त्याचा मेहुणा तयार आहे. मेहुण्याचं मशीन म्हणे पाण्यासारखं वाहतं. वाहून जाऊ दे दोघांना.

तुझा भाऊ म्हणतो, पार्ट मी निवडतो. गेला आठवडाभर दुपारी दुकानं पालथी घालतोय. एक दुकानदार त्याला 'साहेब' म्हणतो, त्यामुळे तो तिथे रोज जातो. मला तुझी यादी हवी. भाषण नको.

वहिनी

१९ जानेवारी

वहिनी,

हसले. पाणी पीत होते, ठसका लागला.

बारा वर्षं मी ॲनिमेशनच्या स्टुडिओत मशीनं जोडतेय. या घरातून आजवर एकाने विचारलं नाही की बाई, तू नेमकं करतेस काय. आणि विचारलं ते गोळ्या घालण्यासाठी. असो. भाषण होणारच, बसून वाच.

आधी स्क्रीन. दुकानात गेलेली माणसं तो सगळ्यात शेवटी घेतात, दमल्यावर. तिथेच माती खातात. सेकंदाला किती चित्रं डोळ्यापर्यंत पोचणार हे स्क्रीन ठरवतो. साधा स्क्रीन साठ दाखवतो. मशीन आतून तीनशे काढत असलं तरी तुला साठच दिसणार, बाकीची हवेत. तुला दोनशे चाळीस दाखवणारा हवा. लहान चालेल. रंग फिके असले तरी चालतील.

मग प्रोसेसर. तुझ्या गेममध्ये चित्र साधं असतं, पण भराभर लागतं, आणि त्या घाईचा भार प्रोसेसरवर येतो. सगळे ग्राफिक्स कार्डाच्या मागे धावतात, कारण ते मोठं असतं आणि त्याला तीन पंखे असतात. मधलं कार्ड पुरे. मेमरीच्या पट्ट्या दोन घे, एक मोठी नको. एका पट्टीवर मशीन चालवणं म्हणजे एका हाताने चादर पिळणं. पॉवर सप्लाय खात्रीचा घे. तो कोणाला दिसत नाही म्हणून सगळे तिथेच हात आखडतात, आणि मग ऐन लढाईत अंधार. हवा खेळेल असा डबा. दिवे नकोत. दिव्यांनी एक चित्र जास्त निघत नाही.

आणि दुकानदाराच्या आकड्यांवर भाळू नकोस. सरासरी दोनशे आणि मधेच चाळीसवर आपटणारं मशीन म्हणजे उचक्या लागलेला गवई. त्यापेक्षा सलग दीडशे देणारं बरं.

दादाला दुकानात एकटं सोडू नकोस. लहानपणी आईने त्याला छत्री आणायला पाठवलं होतं, तो दुर्बीण घेऊन आला. छत्र्यांचे रंग चांगले नव्हते म्हणे. आणि प्रेसमधून त्याला इतक्या दुपारच्या सुट्ट्या कशा मिळतात? मालकाला विकत घेतलं का?

तुझी अडाणी नणंद

२१ फेब्रुवारी

नणंदबाई,

मशीन आलं. बसवण्यात वेळ गेला म्हणून उत्तराला उशीर. छान आहे. सोबत फोटो पाठवतेय. तुझ्या यादीतलं साधारण सगळं आहे. दिवे जरा जास्त आहेत, रात्री त्यावर टॉवेल टाकते.

पहिले दोन दिवस बरं चाललं. लॅपटॉपच्या मानाने तर फारच. मग उचक्या सुरू झाल्या. मी दारातून आत वळते आणि चित्र अडकतं, जणू त्याला आत यायचंच नाहीये. प्राध्यापक म्हणाला, "मशीन नवं आहे ना? मग प्रश्न हाताचा असेल, मॅडम. वय असतं." हा माणूस खिंडीत सगळ्यांत आधी शिरतो, सगळ्यांत आधी मरतो, आणि उरलेला वेळ आम्हाला व्याख्यान देतो. मेलेल्या माणसाला बोलायची सोय या गेममध्ये कशाला ठेवलीये, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

प्रेसमध्ये सध्या काम कमी आहे, म्हणून तुझा भाऊ दुपारी मोकळा असतो. बाकी ठीक.

वहिनी

२६ फेब्रुवारी

वहिनी,

'साधारण सगळं'! व्यायाम केलात का असं विचारल्यावर तुझे पेशंट हेच म्हणतात ना? तेव्हा तू त्यांच्याकडे जशी बघतेस, तशी मी या क्षणी तुझ्या पत्राकडे बघतेय.

फोटो पाहिला. टेबलावर स्क्रीन नाही, खिडकी बसवलीये. मागे तिचा खोका उभा आहे आणि त्यावर ठसठशीत लिहिलंय: साठ. डब्याच्या काचेतून मेमरीची एकच पट्टी दिसतेय, आणि तिच्यातही दिवा आहे. कार्ड एवढं धूड, की नातेवाइकांच्या गाडीत कोंबलेल्या काकांसारखं अंग चोरून बसलंय. आणि कडी म्हणजे स्क्रीनची वायर त्या कार्डाला लावलेलीच नाही! फोटो बाजूने काढलास म्हणून दिसलं. वायर वरच्या भोकात आहे, मदरबोर्डच्या. म्हणजे तीन पंख्यांचे काका नुसते वारा घेतायत, आणि सगळा गोळीबार प्रोसेसरच्या पोटातलं पिटुकलं ग्राफिक्स एकट्याने रेटतंय. उचक्या नाही लागणार तर काय?

हे कोणाचं काम आहे ते सांगायची गरज नाही. आयुष्यभर छापखान्यात भिंगातून ठिपके बघितले म्हणून या माणसाला वाटतं, जगात रंगाशिवाय दुसरं काही नसतंच. तुझी टीम गेली खड्ड्यात, त्याला स्क्रीनवरचं आकाश निळं दिसलं की झालं. माझी यादी वाचली असेल आणि प्रत्येक ओळीच्या बरोबर उलट वागला असेल. सोमवारी प्रेसमध्ये फोन करून त्याच्या मालकालाच सांगते, याला काम द्या हो, हा घरी बसून लोकांचं वाटोळं करतोय.

नणंद

२ मार्च

प्रेसमध्ये फोन करू नकोस. केला असशील तर नुसती रिंग वाजली असेल. प्रेस ऑक्टोबरात बंद झाली. मशीनं कोणीतरी उचलून नेली, माणसं आपापल्या घरी गेली.

तुला सांगायचं नाही असं त्याने मला बजावलं होतं. आता सांगितलं. तुझ्या त्या सोमवारच्या फोनने माझ्यावर ही वेळ आणली.

तीन महिने तो सोफ्यावर होता. दाढी नाही. टीव्ही चालू, आवाज बंद. मी काही विचारलं की 'हं'. आंघोळीला जा म्हटलं की जायचा, जेव म्हटलं की जेवायचा. भांडायचा नाही. तुझा भाऊ माझ्याशी भांडत नव्हता, याचा अर्थ तुला मी वेगळा सांगायला नको.

मग जानेवारीत मी कॉम्प्युटरचं काढलं. म्हटलं, तुझ्या बहिणीला विचारते. त्यावर तो पहिल्यांदा अख्खं वाक्य बोलला: "तिला काय कळतं?" दुसऱ्या दिवशी दाढी केली आणि बाहेर पडला.

रोज जायचा. परत आला की मला उभं करून समजावायचा. स्क्रीन आणला त्या दिवशी खिशातून भिंग काढलं, प्रेसमधलं, आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तपासला. मला हाक मारून म्हणाला, "या बाईच्या गालाची कांती बघ. कागदावर ही मला कधी साधली नाही." खोक्यावरचा साठ मलाही वाचता येतो, बाई. तुझं पत्र मला पाठ होतं. मी म्हटलं, छान आहे.

तू असतीस तर काय म्हणाली असतीस ते मला ठाऊक आहे. तू नव्हतीस ते बरं झालं.

आता एकच कर. त्याला गोड पत्र लिहू नकोस. तुझ्याकडून गोड पत्र आलं तर त्याला वाटेल, डॉक्टरांनी आपल्यापासून काहीतरी लपवलंय.

पंधराला सरावाचा सामना आहे. त्यात अडखळले तर माझ्या जागी मेहुणा. प्राध्यापकाने हे नर्सला सांगितलं, नर्सने मला. त्याला माझ्याशी सरळ बोलायचं धैर्य मेल्यावरच येतं.

वहिनी

४ मार्च

दादा,

वहिनीने सांगितलं. तिच्यावर ओरडू नकोस, मी धमकी दिली म्हणून तिने तोंड उघडलं.

पाच महिने! तुमची मांजर हरवली तेव्हा तू मला ऑफिसात फोन केला होतास, मीटिंग सोडून यायला लावलं होतंस. नोकरी मांजरीपेक्षा हलकी होती का? यावर मी आणखी लिहिणार नाही, कागद फाटेल.

आता तुझ्या खरेदीबद्दल. स्क्रीन रंगाला उत्तम आहे. आमच्या स्टुडिओत तसे दोनच आहेत आणि त्यांच्यासमोर बसायला भांडणं होतात. तिथे तू चुकला नाहीस. चुकलास ते पुढे. वहिनीला शत्रूच्या गालाची कांती बघायची नाहीये, दादा. तो दिसल्या दिसल्या त्याला गोळी घालायचीये.

माझं ऐकू नकोस. तुला ते जमत नाही, आणि या वयात नवीन व्यायाम करू नये. स्वतः बघ. गेम लाव, एखाद्या उभ्या खांबासमोर उभा राहा आणि भराभर इकडून तिकडे वळत खांबाच्या कडांकडे बघ. छपाईत एक रंग दुसऱ्यावर नीट बसला नाही की अक्षराला सावली पडते ना, आणि तू सगळा गठ्ठा परत पाठवायचास? तसं दिसेल. मग तुझ्या त्या 'साहेब' म्हणणाऱ्याकडे जा आणि दोनशे चाळीसच्या स्क्रीनवर तोच खांब बघ. फरक दिसला नाही, तर जन्मापासून आजवर तू प्रत्येक बाबतीत बरोबर होतास असं मी सही करून देते.

आणि ती वायर! आंधळा माणूससुद्धा चाचपून ती नीट लावेल. ते चित्र डोळ्यांपुढून जात नाही माझ्या.

तुझी बहीण

१६ मार्च

ठमे,

पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच, शाईत पाय बुडवून कोंबडी चालत गेल्यासारखं.

खांब बघितला. सावली पडते. चांगलीच पडते. एवढं कबूल, पुढे वाच.

दुकानात गेलो. तो म्हणाला, "साहेब, माणसाच्या डोळ्याला साठच्या वर कळतच नाही." मी म्हटलं, तुमच्या डोळ्याला. त्याला खुर्चीत बसवलं आणि दोन स्क्रीन शेजारी शेजारी लावून तोच खांब फिरवून दाखवला. गिऱ्हाइकं माझ्या मागे येऊन उभी राहिली. त्यातला एक जण साठवाला खोका हातात घेऊन उभा होता, तो त्याने गुपचूप खाली ठेवला. दुकानदाराने मला 'साहेब' म्हणणं तिथेच थांबवलं, पण सामान बदलून दिलं. स्क्रीन बदलला, कार्ड मधलं घेतलं, त्या बदल्यात प्रोसेसर चढवला, दुसरी पट्टी घातली. नव्या स्क्रीनचे रंग म्हणजे उन्हात वर्षभर टांगलेलं पोस्टर. त्यातला लाल बघवत नाही. पण हलताना सावली नाही.

काल तुझ्या वहिनीने सरावात मेहुण्याची वाट बंद केली. कशी ते तिच्याच तोंडून ऐक, मला ते कालपासून ऐकावं लागतंय.

वायरीबद्दल. मी ती कार्डालाच लावली होती. दोन दिवसांनी तुझ्या वहिनीने मागची धूळ पुसायला काढली आणि दिसलं त्या भोकात खुपसली. हे तिने तुला लिहिलं नसणार. माझ्या नावावर खपवून गप्प बसली.

नोकरीचं तुला कळवलं नाही, कारण तू मला तुझ्या स्टुडिओत कुठेतरी चिकटवलं असतंस आणि तिथल्या पोरांना सांगितलं असतंस, हा माझा भाऊ, जरा नीट वागा. पाच महिने सगळे माझ्याशी नीटच वागतायत. शेजारी नीट, जुने सोबती नीट. तुझी वहिनी तर इतकी नीट, की पाण्याचा ग्लाससुद्धा आवाज न करता ठेवायची. एवढं नीट वागलं की माणसाला वाटतं, आपण गेलोय आणि यांनी आपल्याला कळवलेलं नाही.

तुझं पत्र वाचून डोकं फिरलं. त्या तिरमिरीत चपला घालून निघालो तो गावाबाहेरच्या पुलापर्यंत गेलो. परत आलो तेव्हा सडकून भूक लागली होती.

पुन्हा लिहिलंस तर असंच लिही.

दादा

३१ मार्च

नणंदबाई,

वायर माझीच. त्यावर चर्चा नको.

स्पर्धा झाली. आम्ही शेवटच्या चारांत हरलो. आता सविस्तर.

नव्या मशीनवर खेळणं म्हणजे काय ते आधी सांगते. पूर्वी शत्रू एकदम उगवायचा, जमिनीतून फुटल्यासारखा. आता तो येताना दिसतो. आधी बुटाचं टोक, मग गुडघा. आणि एकदा गुडघा दिसला की वरचं शरीर कुठे जाणार ते मला सांगावं लागत नाही, जन्म त्यातच गेला. पहिले दोन सामने मी एकटीने ओढले, असं ड्रायव्हर म्हणाला. प्राध्यापक काही म्हणाला नाही, म्हणजे ते खरं असणार.

तिसऱ्यात आम्ही एकेक करून पडलो. प्राध्यापक नेहमीप्रमाणे सलामीला. शेवटी मी एकटी उरले, आणि समोर त्यांचा एक. तुझा भाऊ सकाळपासून माझ्या खुर्चीमागे उभा होता आणि स्क्रीनवरच्या लाल रंगाला शिव्या घालत होता. एकदम म्हणाला, "डावीकडे."

मला डावीकडे भिंतीची सावली दिसत होती, दुसरं काही नाही. त्याचं म्हणणं, सावलीचा काळा आणि माणसाचा काळा एक नसतो, आणि या भिकार स्क्रीनवरही त्याला तो वेगळा दिसला. मी ऐकलं नाही. त्याचं ऐकायची मला सवयच नाही. उजवीकडे वळले. शत्रू डावीकडून आला. मशीन एकदाही अडखळलं नाही, त्यामुळे आपण कसे मेलो ते शेवटपर्यंत स्वच्छ दिसलं.

हेडफोनमध्ये प्राध्यापक सुरू झाला, "मॅडम, मी आधीच म्हटलं होतं, वय..." तुझ्या भावाने माझ्या डोक्यावरून हेडफोन काढून घेतला आणि त्याला म्हणाला, "तुम्ही लढाई सुरू व्हायच्या आत मेलात. आता निदान पडल्यासारखे पडून राहा." नर्स इतकी हसली की तिला ठसका लागला. प्राध्यापकाने टीम सोडली. मेहुण्यासकट.

मला वाईट वाटलं का? वाटलं. तू हसशील, पण त्या संध्याकाळी मी मोरीत नळ सोडून रडले. पन्नाशीला आलेल्या बाईला पुन्हा शेवटच्या चारांत कोण बसवणार? बाहेर आले तर तो दाराशीच उभा. समजूत घालेल म्हणून मी हात पुढे केला. तो म्हणाला, "मी डावीकडे म्हटलं होतं."

तेव्हापासून आठवडाभर हेच. आमटीत मीठ कमी पडलं, डावीकडे म्हटलं होतं. दाराला कडी लागली नाही, डावीकडे म्हटलं होतं. काल मी ओरडले, तो ओरडला, वरच्या मजल्यावरच्यांनी काठीने जमीन ठोकली. ग्लास आता मी आपटूनच ठेवते.

आज सकाळी तो एका कारखान्यात गेलाय. ते औषधांचे खोके बनवतात, छपाई तपासायला माणूस हवाय. माहिती त्यानेच काढली. त्याच्या मते खोक्यावर करतात ती छपाई नव्हे, रंग थापणं. मी म्हटलं, मग जाऊ नकोस. तो इस्त्री करायला बसला. काम मिळेल का, काही सांगता येत नाही. आत पाऊल टाकल्या टाकल्या तो त्यांचा हिरवा चुकलाय म्हणून सांगणार, आणि हिरवा चुकलेला असणार.

निघताना दारात म्हणाला, "चौकातून कुठे वळायचं?"

मी म्हटलं, "डावीकडे."

मी टोमणा मारला असं समजून त्याने माझ्याकडे एक जळजळीत नजर टाकली आणि उतरला. मी खिडकीत जाऊन उभी राहिले. चौकात थांबला, शर्ट नीट केला आणि ऐटीत उजवीकडे वळला.

हाक मारली नाही मी. थोडा वळसा पडेल, पण पोचेल.

वहिनी